धावेवरची मोटार

१

पलूसच्या शिवारात, रस्त्याला लागून केरबाची पत्र्याची शेड होती. सकाळी उठावं, चूळ भरावी, वहिनीनं दिलेला चहा बशीत ओतून प्यावा आणि पोत्यावर पान्हे ओळीनं मांडून कामाला लागावं, असा त्याचा रोजचा क्रम. बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तो पलटणीत गेला, इराकात बसऱ्याच्या वर्कशॉपात लष्करी ट्रक दुरुस्त करायला शिकला आणि लढाई संपल्यावर तीच विद्या घेऊन गावी परतला. ऊस लावायचा सोडून हा गडी लोखंड चाटत बसलाय, असं लोक आधी म्हणाले. मग त्यांच्याच मोटारी आणि पाण्याची इंजिनं बिघडायला लागली, तेव्हा तेच लोक ‘केरबाभाऊ’ म्हणत दारात येऊन बसू लागले.

सत्तेचाळीसच्या पौषात त्याच्याकडे विश्रामबागेच्या बाळासोंची मोटार आली. दोन माणसांपुरती, बसकी, पळायला केलेली. हौसेला मोल नसतं. तिचं मूळचं इंजिन मेलं, तर बाळासोंनी लढाईतून उरलेल्या मालाच्या, डिस्पोजलच्या लिलावातून लष्करी ट्रकचं दांडगं इंजिन उचललं आणि हेच हिच्यात बसव म्हणून सांगितलं. त्यांचं नुकतं लग्न झालं होतं. शुक्रवारी दुपारी ते मोटार न्यायला येणार होते आणि तिथून नव्या नवरीला घेऊन थेट पाचगणीला जाणार होते.

इंजिन बसलं, पण नाकाडात रेडिएटरला जागा उरली नाही. केरबानं तो मागं, शेपटाच्या बाजूला नेला. मग पाणी पुढून मागं नेणाऱ्या रबरी नळ्या आल्या. एक बाहेरून पत्र्याखालून गेली. दुसरीला, कढत पाण्याच्या नळीला, वाटच सापडेना. खालून न्यावी तर धुराड्याच्या तापलेल्या नळकांड्याला चिकटते, कडेनं न्यावी तर सांगाड्याच्या धारेवर घासते. शेवटी ती दोन बैठकांच्या मधून, चालवणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याशेजारून न्यावी लागली. बसऱ्याच्या म्हाताऱ्या जमादारानं त्याला बजावून ठेवलं होतं, की कढत पाण्याच्या वाटेत माणूस बसवू नये आणि बसवावाच लागला तर मध्ये काहीतरी जाड घालावं. रबर म्हातारं होतं, एके दिवशी फुटतं, आणि माणूस मांडीपासून पावलापर्यंत सोलून निघतो. केरबानं तसा एक माणूस पाहिला होता.

जाड काय घालावं, याचा विचार करत तो गोठ्यात गेला आणि त्याला खुंटीवरची मोटेची सोंड दिसली. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची भली मोठी पखाल, आणि सोंड म्हणजे तिची खालची लांब नळी, जिच्यातून पाणी काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडात पडतं. लढाईपासून रबर मिळत नव्हतं, कातडंही महाग झालं होतं. सोंड नळीवर अशी बसली, की मापानं शिवून आणावी. केरबानं ती वहिनीला विचारून घेतली नाही. विचारायला हवं होतं, कारण ती त्याच्या थोरल्या भावाच्या, गुंडाच्या मोटेची होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर भरून वाहत होता.

मोटारीच्या धंद्यात पाणी कमी होतं. गळतं, उकळून जातं, कुठं जातं ते समजत नाही, पण कमीच होतं. वाढलेलं कुणी ऐकलं आहे? आदल्या दिवशी केरबानं स्वतः दोन घागरी ओतून, काठापासून चार बोटं जागा ठेवून झाकण लावलं होतं. आता झाकणाखालून धार लागली होती आणि शेपटाखालची माती ओली झाली होती.

तो काही घाबरला नाही. मोजताना चुकलो असेन, म्हणाला. इंजिन तापल्यावर पाणी फुगतं, हेही त्याला माहीत होतं, पण इंजिन आदल्या दुपारपासून गार होतं. त्यानं काठापासून चार बोटांपर्यंत पाणी काढलं आणि बाभळीच्या काडीवर खूण करून ठेवली. संध्याकाळी काडी घालून बघितली तेव्हा पाणी खुणेला होतं. सकाळी पुन्हा काठोकाठ भरलं होतं.

त्यानं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. रेडिएटरच्या पाण्याला गंजाचा वास येतो. ह्याला चिखलाचा आणि शेवाळाचा वास होता, आणि ते इतकं गार होतं की बोटं आखडली. पौषातली थंडी आहे, पाणी गारच असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. शेजारच्या बादलीतल्या पाण्यात हात घालून बघितला. ते पाणी एवढं गार नव्हतं.

सोंडही भिजली होती. आतली नळी गळत असेल म्हणून त्यानं दोन्ही टोकांच्या क्लिपा बोटानं चाचपल्या. त्या कोरड्या होत्या. कातडं मात्र भिजून तट्ट झालं होतं आणि नळीवर इतकं आवळलं होतं, की मधून नखही शिरेना.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मोटार शेडच्या तोंडाशी उभी केली होती. आता ती हातभर मागं होती. चाकांच्या मागं लावलेला दगड तिनं ढकलून नेला होता.

३

शेडच्या मागं विहीर होती. आता तिला विहीर म्हणायची सोय नव्हती. काठ ढासळलेला, आत दगडमातीचा ढीग, वरून बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. तिच्यापासून सुरू होऊन खाली रस्त्याकडे उतरत जाणारी मातीची धाव मात्र शाबूत होती. ह्याच उतारावरून बैल खाली चालत, म्हणजे मोट भरून वर येई. मग तेच बैल पाठमोरे, मागं मागं चढत विहिरीपाशी येत आणि मोट खाली जाई. केरबाचं निम्मं आयुष्य त्या धावेवर गेलं होतं. परत आल्यापासून त्यानं तिच्यावर पाय ठेवला नव्हता.

त्या दिवशी त्यानं मोटार रस्त्यावर काढून बघायची ठरवली. चार मैल गेला आणि आला. इंजिनाचा आवाज झकास होता, नळ्या जागच्या हलल्या नाहीत, सोंड गुडघ्याला गार लागत होती. गरम पाण्याच्या नळीवरची सोंड गार का, हा प्रश्न त्याला पडला आणि त्यानं तो तसाच सोडला.

पण ओढ्याजवळचा उतार आला आणि मोटार जड झाली. चढावर जड होते, ते कोणालाही कळतं. ही उतारावर जड झाली. इंजिन कण्हायला लागलं, मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी ती एकेक पाऊल उतरू लागली. ओढा ओलांडून चढ लागला तशी हलकी झाली आणि सुसाट वर गेली. केरबानं थांबून चारी ब्रेक तपासले. चाकं एका बोटानं फिरत होती.

परतीच्या उतारावर त्याला तो आवाज आला. कुर्र, कुर्र, कुर्र, मध्ये थांबा आणि पुन्हा कुर्र. मोटेच्या लाकडी चाकाचा तो आवाज पलूसात जन्मलेलं मूलही ओळखेल. आसपास कुणाची तरी मोट चालू असणार. त्यानं मान वळवून दोन्हीकडची रानं बघितली. उसाला तोडणी लागली होती, लांब गुऱ्हाळाचा धूर होता, आणि मोट कुठंच चालू नव्हती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. केरबाला उन्हात घाम फुटला, कारण त्या वेळी मोटेचा नाडा, तिचा जाड दोर, तुटला नव्हता.

बेचाळीसच्या वैशाखात गुंडा गाळ काढायला विहिरीत उतरला होता. गाळासाठी मोटेची सोंड सोडून गोठ्यात टांगली होती. खालून त्यानं मोट गाळानं भरायची, वरून केरबानं बैल हाणायचे. ठरलेली खूण होती, दोनदा नाडा हिसकला की ओढायचं. दुपारी काठ सुटला. दगड पडायला लागले, आणि नाडा दोनदा हिसकला. केरबानं बैल हाणले, पण वरून माती मोटेवर कोसळली आणि त्याच वर्षी घेतलेली ती खिलारी जोडी धावेवर मागं मागं घसरायला लागली. मागचे खूर काठाला टेकले. केरबाच्या कमरेला विळा होता. त्यानं नाडा कापला. बैल वाचले. लोकांना त्यानं सांगितलं, की नाडा तुटला.

आठ दिवस गाव खणत होतं. खालून पाणी आलं, गुंडा सापडला नाही आणि सगळ्यांनी हात टेकले. दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. तेराव्यानंतर केरबा भरतीला निघून गेला.

४

गुरुवारी सकाळी मोटार धावेच्या पायथ्याशी होती. शेडपासून वीस पावलं, तीही मागं. तोंड रस्त्याकडे आणि शेपूट विहिरीकडे.

राहीबाई, त्याची वहिनी, भाकरी घेऊन आली तेव्हा तो तोटी उघडून रेडिएटर रिकामा करत होता. मोटारीत दोन घागरी पाणी मावतं. सहा घागरी भरून झाल्या तरी धार चालूच होती. केरबा घागर भरत होता, ओतत होता आणि वहिनीकडे बघायचं टाळत होता.

राहीबाई तशी बोलायला मोजकी. नवरा गेल्यावर माहेरी जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, ती गेली नाही. विहीर बुजवू म्हणाले, तिनं बुजवू दिली नाही. दिराला तिनंच पत्र धाडून बोलावलं आणि शेडला जागा दिली. ह्या बाईचं आपण अन्न खातो, ही गोष्ट केरबाला रोज सलायची.

तिनं भाकरी ठेवली आणि सोंडेवर हात फिरवला. केरबाला वाटलं, आता बोल लावणार. तो रबर मिळत नाही, कढत पाण्यानं माणूस भाजतो, असं काहीबाही सांगत सुटला. तिनं ते ऐकून घेतलं.

“वली झाली व्हय,” ती म्हणाली. “पाच वर्सं व्हत आली, खुटीवर वाळून लाकूड झाली हुती.”

मग ती विहिरीकडे बघत राहिली. तीन दिवस पहाटे चाक वाजतंय, म्हणाली. आधी लय खोल वाजायचं, आता जवळ आलंय. तिच्या आवाजात भीती नव्हती आणि त्याचीच केरबाला भीती वाटली.

“भावजी, येक इचारू? त्या दिशी त्यांनी नाडा किती बारी हिसकला?”

“एकदाबी न्हाई, वैनी. वेळच कुटं घावला.”

तिनं मान हलवली. तुटलेल्या नाड्याचा वरचा तुकडा अजून आढ्याला अडकवून ठेवलाय, एवढंच ती सहज सांगावं तसं बोलली आणि घागर उचलून निघून गेली. तो तुकडा घरात आहे हे केरबाला ठाऊक होतं. परत आल्यापासून एकदाही त्यानं मान वर करून आढ्याकडे बघितलं नव्हतं.

धार थांबली. शेवटच्या पाण्याबरोबर बोटभर घायपाताचा दोर आला, काळा पडलेला. केरबानं तो बुटाखाली मातीत दाबला.

५

दुपारभर तो सोंड काढायला झटला. कातडं कापावं तर आतलं रबर कापलं जाणार आणि दुसरी नळी कुठून आणायची? सोंड अशी आवळली होती की नळी आणि कातडं एकच झालं होतं. त्यानं धारदार चाकू टेकवला आणि उचलला, पुन्हा टेकवला. कातड्याच्या आत काहीतरी सरकलं. मोकळ्या नळीत पाणी नव्हतं, हे त्यानं नुकतंच बघितलं होतं.

उद्या बाळासो येतील आणि मोटार घेऊन जातील. जाऊ दे तिला, पाचगणीच्या घाटात जाऊ दे. आपल्या दारातून गेली म्हणजे झालं. हा विचार आला आणि केरबाला हायसं वाटलं. लगेच त्याला मेहंदीच्या हातांची ती पोर दिसली, ह्या सोंडेला पाय लावून बसलेली, आणि घाटाचा उतार दिसला. एकदा एकाला खाली सोडून आपण मोकळे झालो, आता अजून दोघं? त्याला स्वतःचा संताप आला. बाळासोंना काय ते सांगून टाकू आणि मोटार देणारच नाही, असं त्यानं ठरवलं. काय सांगणार, ते मात्र ठरेना.

त्यानं संध्याकाळी चारी चाकांना साखळदंड घातला आणि शेडच्या खांबाला बांधला. रेडिएटरमध्ये थेंबही ठेवला नाही.

६

शुक्रवारी सूर्य वर आला तेव्हा मोटार धावेच्या माथ्यावर उभी होती.

साखळदंड शेडपाशी पडला होता, कुठंही न तुटलेला. मोटारीचं शेपूट विहिरीच्या काठाला भिडलं होतं आणि तोंड खाली, रस्त्याकडे. जोडी धावेवर उभी करावी तशी. काठावरच्या बाभळीच्या फांद्या बाजूला सरल्या होत्या.

दुपारी माणसं येणार. त्यांनी ती इथून हलवायच्या आधी आपणच खाली आणून उभी करावी, सोंड कापून टाकावी, मग काय व्हायचं ते होऊ दे. असा हिशेब करून केरबा आत बसला. चाकू उघडून मांडीवर ठेवला. मागचं बघायचा वाटोळा आरसा आतून धुक्यानं भरला होता. तो त्यानं पुसला नाही.

त्यानं ब्रेक सोडला. उतार होता, तरी मोटार खाली गेली नाही. क्षणभर उभी राहिली आणि मग हळूच मागं सरकली. बोटभर, आणखी बोटभर. काठाची माती आत पडल्याचा आवाज आला. खाली पाणी होतं. ढिगाऱ्याखाली कुठलं आलं पाणी, हे विचारायला त्याला सवड नव्हती. त्यानं इंजिन चालू केलं आणि पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला.

मोटार निघाली. लष्करी ट्रक ओढणारं ते इंजिन, पण उतारावर असं रडायला लागलं, की सांगाडा थरथरला. हातभर पुढं, मग थांबा, मग हातभर पुढं. मागं चाक वाजू लागलं. कुर्र, कुर्र. विहिरीवर चाक नव्हतं, ते चार वर्षांपूर्वीच काढून चुलीत घातलं होतं. गुडघ्याजवळची सोंड फुगत होती. रेडिएटर कोरडा असून तिच्यातून पाणी चाललं होतं आणि ते आता गार राहिलं नव्हतं. माणसाच्या अंगाइतकं ऊन होतं.

अर्ध्या धावेवर मोटार थटली. इंजिन ओरडत होतं आणि चाकं जागच्या जागी माती उकरत होती. केरबाला हे ओझं ओळखीचं होतं. हातांना आठवत होतं. ह्याच जागेवरून जोडी मागं घसरायला लागली होती. पाय जरा ढिला पडला असता तर मोटार त्याच्यासकट विहिरीत गेली असती. मांडीवर चाकू होता आणि सोंड वीतभर अंतरावर. नळी कापायची आणि उडी टाकायची. त्यानं चाकू उचलला.

तेव्हा समोर, धावेच्या पायथ्याशी राहीबाई दिसली. कधी आली कोण जाणे. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्यावरून, मागं, काठाकडे बघत होती. तिच्या हातात नाड्याचा तुकडा होता. तुटलेल्या दोराचं टोक झिपरं असतं. हे टोक मुळा कापावा तसं सपाट होतं, आणि तिनं ते त्याला दिसेल असं धरलं होतं.

केरबा ओरडून बोलला, कारण इंजिनाच्या आवाजात दुसरा इलाज नव्हता.

“दोनदा हिसकला हुता, वैनी. दोनदा. मी कापला.”

गुडघ्याला टेकलेली सोंड एकदा हिसकली. थांबून पुन्हा एकदा.

राहीबाई म्हणाली, “मला ठावं हाय. सुरी टाका, भावजी. आता थांबू नगा.”

त्यानं चाकू बाहेर टाकला आणि पाय होता नव्हता तेवढ्या जोरानं दाबला. मोटार हिसका देऊन पुढं गेली, एक हात, दोन हात, आणि एकाएकी सगळा भार गेला. मोट काठावर टेकली की बैलांच्या मानेवरचा ताण असाच जातो. इंजिन बंद पडलं. चाकाचा आवाजही थांबला. शिवारात कुठंतरी गुऱ्हाळावर माणसं बोलत होती, तेवढं ऐकू येत होतं.

मागं थारोळ्यात पाणी पडलं. मग धावेच्या मातीवर ओलं पाऊल पडलं, थांबून दुसरं. मोटारीच्या शेपटाचा पत्रा कुणीतरी हात टेकल्यासारखा दबला आणि आरशातलं धुकं एका बाजूनं काळं झालं. केरबानं दोन्ही मुठींनी चक्र धरून ठेवलं.

राहीबाईनं नाड्याचा तुकडा खाली ठेवला. पदर सारखा केला, आणि रानातून दमून आलेल्या माणसाला वाट द्यावी तशी एक पाऊल बाजूला झाली. तिचा हात कपाळाकडे गेला, तिथं काही नाही हे कळून खाली आला. मग रोजच्या आवाजात, केरबाच्या खांद्यामागं बघत तिनं विचारलं,

“आलासा?”

केरबानं मान खाली घातली आणि मागून काय उत्तर येतंय, त्याची वाट बघत बसून राहिला.